गप्प तो जनावर

रानडुकराचा खालचा सुळा वरच्या सुळ्यावर घासत राहतो. त्याला कुणी धार लावावी लागत नाही. तोंड उघडलं, मिटलं, की लागते.

*

जमिनीवर बसून तांदूळ निवडले की माझी कंबर भरते. पोटात लाथ बसली त्या वर्षापासून. मूल राहिलं नाही, दुखणं राहिलं. म्हणून मी काहीतरी खाली घेऊन उंच बसते आणि साडीचा घोळ चारी बाजूंनी सोडते.

*

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं: मानेत तीन छर्रे, डाव्या डोळ्याखाली एक. जठर रिकामे.

*

शिमग्यात पाच दिवस बोंब मारायची आमच्याकडे रीत आहे. तळहात तोंडावर आपटत, होळीभोवती, पालखीपुढे, एकमेकांच्या दारात. सहाव्या दिवशी गावातले निम्मे पुरुष खुणांनी बोलतात.

*

माझा डावा कान चौऱ्याऐंशी सालापासून ऐकत नाही. उजवा चांगला आहे.

*

"बाई, खुनाला दोन गोष्टी लागतात," मुकादम वकील म्हणाले होते. "एक हात, एक मन. नुसत्या हाताने खून होत नाही. नुसत्या मनानेही होत नाही."

*

शहाऐंशी सालचा शिमगा.

माझा धाकटा भाऊ शांताराम वरच्या वाडीत राहायचा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला मीच वाढवला. तो मला बाय म्हणायचा. होळीच्या दिवशी तो मांडावर, होळीच्या जागेवर आला, माझा सुजलेला डोळा बघितला, आणि काही न विचारता माझ्या नवऱ्याकडे गेला. माझा नवरा ढोलाजवळ उभा होता. शांतारामने त्याची मान धरून त्याला ढोलावर वाकवला.

"भावोजी, ह्यो डोळा कुणी केला?"

"पडली ती."

"परत पडली ना, तर तुमाला रानात गाठून गोळी घालीन. डुकरागत."

अख्खा गाव तिथे होता. चार जणांनी मिळून त्याला सोडवला. माझ्या नवऱ्याने मानेवरून हात फिरवला, हसला, आणि तळहात तोंडावर आपटून बोंब ठोकली. लोकही हसले, बोंबा सुरू झाल्या, पालखी पुढे सरकली. त्यानंतर चार दिवस तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता.

*

शिमगा उरकला की गाव पारधीला जायचा. आमचं घर वाडीतलं शेवटचं. अंगण संपलं की करवंदीच्या जाळ्या, त्यापुढे रान. म्हणून आदल्या दिवशीची बैठक आमच्या अंगणात व्हायची. पांडूतात्या गावकर जागा नेमायचे. बंदुका तीन; ते लोक रानाच्या वरच्या अंगाला दबा धरून बसायचे. बाकीचे हाकारे. त्यांनी खालून ओळ धरायची आणि ओरडत वर चढायचं. आवाजापासून पळणारं जनावर बंदुकीसमोर येतं.

शुक्रवारी दुपारी तात्या पायरीवर बसले आणि दरवर्षीचंच बोलले.

"ऐका रे. रानात ओरडतो तो माणूस. गप्प तो जनावर. माज्या आज्यानं मला सांगितलं, मी तुमाला सांगतोय. तोंड मिटलंत तर मग बंदूकवाल्याला बोल लावू नका."

"तात्या, पाठ झालं आता!"

"पाठ झालंय म्हणूनच सांगतोय. शांत्या, तू खिंडीच्या तोंडावर. बंदूक पुसून आण, बापाची आठवण म्हणून मिरवू नको."

शांतारामची बंदूक आमच्या वडिलांची. पिकाच्या राखणीचा परवाना होता.

"म्हादू," तात्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू ओळीच्या डाव्या टोकाला. ओहळ धरून वर जायचं."

"ओहळ खिंडीतच निघतो, तात्या," मागून कुणीतरी म्हणालं. "शांत्यासमोर म्हादूला नका धाडू हो. डुक्कर सोडून भावोजीला हाणायचा!"

अंगण हसलं. शांताराम हसला नाही. माझा नवरा उठून उभा राहिला, हात पुढे करून काहीतरी बोलायला गेला, आणि त्याच्या तोंडातून नुसती हवा आली. फूस. जशी भात्यातून येते. मग तर लोक लोळायचेच बाकी राहिले.

"म्हादूचा घसा होळीत जळला रे!"

"माजघरातून बायकोला बोलव, ती ओरडंल तुज्या वाटचं!"

तात्यांनी काठी आपटली. "हसू नका. म्हादू, डबा घे. डबा न घेता ओळीत आलास तर मी परत धाडीन तुला. तुज्या घशात आता मांजराचं पिल्लूपण ओरडत नाय."

डबा म्हणजे वनस्पती तुपाचा पाच किलोचा रिकामा डबा. ज्याचा घसा बसला असेल त्याने डबा बडवत चालायचं. आमचा डबा पडवीतल्या खुंटीवर असायचा. माझ्या नवऱ्याने तिकडे बोट केलं आणि मान हलवली.

लोक गेले. दिवस अजून होता. मी अंगण झाडत होते. त्याने मला दंडाला धरून आत नेलं, दार लोटलं, आणि डबा बडवायची काठी घेतली.

एरवी तो मारायला लागला की ओरडायचा. शिव्या, माझ्या आईचं नाव, बापाचं नाव. ते ऐकून शेजारची सुंदरावहिनी यायची, दारात उभी राहून म्हणायची, "पुरे झालं आता, भावजी." आणि ते तिथेच थांबायचं. त्या दिवशी त्याला ओरडता येत नव्हतं. मी ओरडले तर तोंडात पदर कोंबला. घरात फक्त काठीचा आवाज होता आणि त्याच्या घशातली हवा. पलीकडे सुंदरावहिनी मिरच्या कांडत होती. मुसळ एकदाही थांबलं नाही.

काठी मोडली तेव्हा त्याने थांबून तिचे दोन्ही तुकडे बघितले. मग मोठा तुकडा खुंटीखाली नीट उभा करून ठेवला. उद्यासाठी.

*

शनिवारी सकाळी पडवीत बसून मी तांदूळ निवडत होते. खालच्या बांधावर माणसं जमली होती, नारळ ठेवला होता, तात्यांचं देवाला गाऱ्हाणं सुरू व्हायच्या बेतात होतं. गाऱ्हाणं संपलं की ओळ सुटते. उशिरा येणाऱ्याला वर्षभर टोमणे खावे लागतात.

तो तिसऱ्यांदा आला, काठी घेऊन. खुंटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"डबा?" आवाज नाही, नुसते ओठ.

"खुंटीवर असंल."

त्याने माझ्या हातातलं सूप उडवलं. तांदूळ सगळीकडे झाला. मग थोबाडात मारली, उजव्या बाजूला. त्या बाजूने त्याने एरवी कधी मारलं नव्हतं. बांधावरून गाऱ्हाण्याला लोकांचा "व्हय म्हाराजा" आला. तो अनवाणीच पळाला.

मी खाली वाकून, हात पुरेल तितका तांदूळ गोळा केला.

हाकारा सुरू झाला. उजवा कान वाजत होता, तरी मी एकेक आवाज ओळखत होते. बोबल्यांचा लांब "हुर्रर्र". गोताडांच्या दोन भावांचं एकाआड एक. सगळ्यांत उजवीकडे तात्यांचा नातू, त्याचा आवाज फुटत होता. आवाज वर वर जात होते. डाव्या टोकाला, ओहळात, काही नव्हतं.

एकदा कुत्रं केकाटलं. बोबल्यांच्या मोत्याचं पोट डुकराने फाडलं होतं, ते नंतर कळलं. डुक्कर ओळ फोडून खाली पळालं होतं. पण वर बसलेल्यांना ते कसं माहीत असणार?

मग बार.

मग शांतारामची आरोळी, सगळ्या रानावरून, "पडलाऽऽ!" शिकार पडली की मारणाऱ्याने द्यायची ती आरोळी. तिला हाकाऱ्यांचं उत्तर आलं. कुणीतरी शीळ घातली.

मग सगळे आवाज एकदम बंद झाले.

सुंदरावहिनी पळत आली. "ऊठ गो, ऊठ, काहीतरी झालंय रानात." मी उठले नाही. आणखी दोघी आल्या. "ऊठ गो बाय." त्यांनी दंडाला धरलं, मी हात सोडवून घेतला. तिला धक्का बसलाय, त्या म्हणाल्या. कोर्टातही वहिनीने तसंच सांगितलं.

डुकराला बांधून आणायला नेलेल्या बांबूला घोंगडी बांधून त्यांनी त्याला आणलं. पुढच्या खांद्याला शांताराम होता. त्याच्या कोपरापासून रक्त गळत होतं, त्याचं नव्हतं. अंगणात बांबू टेकवला तेव्हा बायका पडवीतून तिकडे धावल्या. मग मी उठले.

शांताराम माझ्यापुढे आला. "बाय," तो म्हणाला. "बाय, गप्प होता गो. गप्प होता."

*

फौजदाराने मला त्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं, घसा बसला होता, डबा घेऊन जाणार होता. तेवढंच लिहून घेतलं, अंगठा घेतला. तेव्हा मला सही येत नव्हती.

ओहळात डबा सापडला नाही. खिंडीतही नाही. तो सगळ्यांत शेवटी पळत येऊन टोकाला लागला होता, त्यामुळे त्याच्या हातात काय होतं ते कुणी बघितलेलं नव्हतं. आणि प्रेताजवळ पहिला पोचला होता शांताराम.

आठ दिवसांत त्याला खुनाच्या कलमाखाली नेला. जाताना वाडीतून कुणी बाहेर आलं नाही. तात्या तेवढे रस्त्यावर उभे होते, टोपी हातात घेऊन.

*

मुकादम वकिलांचं ऑफिस रत्नागिरीत बाजारपेठेच्या मागे, माडीवर होतं. म्हातारे होते. बोलताना पानाचा डबा उघडायचे, मिटायचे, पान खायचे नाहीत.

"नीट ऐका," ते म्हणाले. "शांतारामच्या गोळीने माणूस मेला, हे मी नाकारत नाही. तो हात झाला. आता मन. त्याला समोर डुक्कर आहे असं वाटलं, आणि तसं वाटायला खरंच कारण होतं, तर खून नाही. तुमच्या गावचा नियम तेच कारण आहे. गप्प तो जनावर. इथवर कळलं?"

"व्हय."

"सरकारी वकील काय म्हणणार, ते सांगतो. होळीच्या दिवशी ह्याने धमकी दिली, पन्नास माणसांनी ऐकली. मेलेल्याचा घसा बसलेला. असा माणूस डब्याशिवाय ओळीत जाणार नाही. म्हणजे डबा होता, तो वाजत होता, शांतारामने ऐकला, तरी बार काढला, आणि नंतर डबा नाहीसा केला. आता कळलं?"

"त्याला फाशी होईल?"

"जन्मठेप तरी होईल." त्यांनी पानाचा डबा मिटला. "सगळं त्या डब्यावर आहे. डबा रानात गेलाच नव्हता असं दिसलं, तर तुमचा भाऊ वाचतो."

मी विचारलं, "ते हात आणि मन. एकाच माणसात असावं लागतं?"

"म्हणजे?"

"हात एकाचा आणि मन दुसऱ्याचं असलं तर?"

त्यांनी पानाचा डबा परत उघडला. माडीखाली कुणीतरी माशांवरून भांडत होतं.

"हात बिचारा काही जाणत नसेल," ते सावकाश म्हणाले, "तर गुन्हा मनाचा. कायदा हाताला सोडतो आणि मन शोधतो. पण ते आपल्या केसमध्ये कुठे आलं?"

"नाय आलं."

"मग विचारू नका. दुसऱ्या कुणाला तर नकाच विचारू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो डबा सापडेल का हो, बाई?"

"सापडंल."

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

*

कोर्टात मला सरकारी बाजूने बोलावलं होतं. मेलेल्याची बायको. लेखनिकाने आधी नवऱ्याचं नाव विचारलं. मी ते तोंडाने कधी घेतलं नव्हतं. सगळे थांबले. मग मी घेतलं. महादेव. शांताराम आरोपीच्या पिंजऱ्यात होता. त्याने मान खाली घातली.

त्यानंतरचं असं:

"तुमचा नवरा त्या दिवशी डबा घेऊन गेला होता?"

"नाय."

"पोलिसांना तर तुम्ही सांगितलंत की डबा घेऊन जाणार होता."

"जाणार व्हता. गेला नाय. सापडला नाय त्याला."

"खुंटीवरचा डबा सापडला नाही?"

"नाय."

"मग कुठे होता?"

"चुलीमागं. लाकडांखाली. तेराव्यानंतर सरपण उपसताना गावला."

"आणि इतके महिने कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाय."

मागे कुणीतरी हसलं. जज्जांनी वर बघितलं, हसू थांबलं.

"कुठे आहे तो डबा?"

मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि डबा काढून कठड्यावर ठेवला. सरकारी वकिलांनी तो हातात घेऊन फिरवला. "असे डबे बाजारात पाहिजे तितके मिळतात."

तात्यांना पुन्हा बोलावलं. त्यांनी डब्याच्या बुडावर बोटं फिरवली, आंधळा तोंड ओळखतो तशी. "ह्यो पोचा मी पाडलाय, साहेब. चार वर्सांमागं. ह्यो म्हादूचाच."

"तेराव्यापर्यंत चुलीमागेच होता कशावरून?" सरकारी वकील माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा नवरा तुम्हाला मारायचा?"

मुकादम उठायला लागले. मी आधीच बोलले.

"व्हय."

"आदल्या दिवशी मारलं होतं?"

"व्हय."

"कशाने?"

"डब्याच्या काठीनं."

"आणि आरोपी तुमचा भाऊ. तुम्ही त्याला वाचवण्यासाठी खोटं बोलताय."

मी जज्जांकडे बघून सांगितलं, "डबा रानात गेला नाय. देवाशपथ. घरातनं भायेर पडलाच नाय."

ते खरं होतं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. जज्जांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवायला सांगितली.

*

खुनातून तो सुटला. समोर काय आहे ते न बघता बार काढला म्हणून निष्काळजीपणाची दोन वर्षं झाली. बंदूक सरकारजमा. डबाही परत मिळाला नाही.

सुटून आला त्या दिवशी तो आधी माझ्याकडे आला. सकाळचे दहा वाजले असतील. पडवीत बसला, मी चहा दिला. तो खुंटीकडे बघत होता. खुंटीवर आता माझी अंगणवाडीची पिशवी होती; मी तिथे मदतनीस लागले होते, सही शिकले होते.

"बाय."

"बोल."

"करवंदीत हललं. मी नेम धरला. मग कायतरी पांढरं दिसलं." त्याने उजव्या हाताचं बोट वाकवलं, सरळ केलं, परत वाकवलं. "बोट आधी गेलं का डोळा आधी गेला, ते मला कळत नाय. तुरुंगात रोज बगितलं. एक दिवस बोट आधी असतं. एक दिवस डोळा."

"डुक्कर वाटलं तुला."

"व्हय?"

"व्हय. गप्प होता ना?"

"गप्प होता." चहा त्याने तसाच ठेवला. "पण बाय, मी सांगितलं होतं ना त्याला. रानात गाठून घालीन. मनात व्हतंच माज्या."

"ते होळीतलं. त्या दिवशी नव्हतं."

"तुला काय म्हाईत?"

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायचे तसा. "मला म्हाईत हाय."

त्याने लग्न केलं नाही. मटण, मासे सोडले. शिमग्यात गाव बोंब मारायला लागला की तो वरच्या वाडीतून उतरून माझ्याकडे यायचा, पडवीत बसायचा, आणि कधीकधी विचारायचा.

"चुलीमागं होता ना गो डबा?"

"चुलीमागं."

"लाकडांखाली."

"लाकडांखाली, शांता."

असं एकतीस वर्षं. गेल्या माघात तो गेला, झोपेतच. तोंड मिटलेलं होतं.

*

त्या शनिवारी गाऱ्हाणं सुरू होण्याआधी माझा नवरा डबा शोधायला तीनदा पडवीत आला, आणि तिन्ही वेळा मी त्या डब्यावर बसले होते.